पुण्यांतील संशोधकाची सायकल : पेठांपासून गणेशखिंडीपर्यंत

पुण्यांतील इतिहाससंशोधनाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत दप्तरें येतात, रुमाल येतात, वाड्यांच्या माळ्यांवर सांपडलेल्या पेट्या येतात. परंतु हे कागद पाहण्यासाठीं संशोधक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं गेला कसा, हा साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागापुरतें त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येतें : सायकलीवरून. पुण्यास ‘सायकलींचें शहर’ म्हणत असत, ही गोष्ट वडील मंडळींच्या तोंडून सर्वांनीं ऐकलेलीच आहे. या वाहनाचे कागद मात्र आपल्या संग्रहांत जवळजवळ नाहींत. ते कां हवेत, व सायकलीवरून पोथ्या-कागदांची ने-आण करतांना कोणती सावधगिरी बाळगावी, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम ठिकाणांचा विचार करूं. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनीं ७ जुलै १९१० रोजीं केली. तें सदाशिव पेठेंत आहे. महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ मध्यें स्थापिलेला आनंदाश्रम बुधवारांत, म्हणजे पायीं कांहीं मिनिटांच्या अंतरावर. येथपर्यंत वाहनाची गरज नाहीं. परंतु १९१७ मध्यें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर नदीपलीकडे, टेकडीच्या पायथ्याशीं उभें राहिलें. पुढल्याच वर्षीं डेक्कन कॉलेजांत असलेला सरकारी हस्तलिखितसंग्रह तेथें आला आणि संस्कृत पोथ्यांचा अभ्यासक शहराच्या पश्चिमेस ओढला गेला. पेशवे दप्तर पूर्वेकडे, लष्कराच्या बाजूस. त्याच्याही पुढें मुळामुठा ओलांडून येरवड्यास डेक्कन कॉलेज. १८२१ मध्यें विश्रामबाग वाड्यांत सुरू झालेल्या पाठशाळेची ही परंपरा १८६८ च्या सुमारास येरवड्याच्या दगडी इमारतींत गेली, १९३४ मध्यें कॉलेज बंद पडलें व १९३९ मध्यें संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलें. आणि वायव्येस, सर्वांहून निराळ्या दिशेस, गणेशखिंडीचें विद्यापीठ.

नकाशावर मंडळ मध्यें धरून पाहिल्यास असें दिसेल कीं, भांडारकर मंदिर सुमारें अडीच किलोमीटर, पेशवे दप्तर सुमारें चार, विद्यापीठ पांच-सहा आणि डेक्कन कॉलेज त्याहून कांहींसें दूर. हीं अंतरें मोठीं विलक्षण आहेत. पायीं जाऊं म्हटलें तर जाण्या-येण्यांत अर्धा दिवस मोडतो. टांगा करूं म्हटलें तर दप्तराच्या नकलनविसास किंवा शाळामास्तरास तो रोज परवडत नसे. राजवाडे गांवोगांव पायीं हिंडले हें खरें, परंतु राजवाड्यांचे पाय व राजवाड्यांचा निग्रह सर्वांस कोठून येणार? सायकलीनें हींच अंतरें वीस ते चाळीस मिनिटांचीं झालीं. सकाळीं पोथी पाहावी, दुपारीं शाळेंत शिकवावें व संध्याकाळीं मंडळांत येऊन पाठभेदांवर भांडावें, हा दिनक्रम त्यामुळें शक्य झाला. संस्थेच्या अहवालांत या गोष्टीची नोंद नसते. तरी संशोधनाच्या वेगाचें तें एक कारण आहे असें माझें मत आहे.

आतां वाहनाच्या इतिहासाविषयीं थोडेंसें, कारण जुनीं छायाचित्रें जमविणाऱ्यांस तें उपयोगी पडतें. दोन चाकें एकामागें एक ठेवून त्यांवर माणूस तोल सांभाळूं शकतो, हें जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल द्राइस यानें जून १८१७ मध्यें करून दाखविलें. त्याच्या गाडीस पायडल नव्हतें. जमिनीस पाय मारून ती ढकलावी लागे. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं ५ नोव्हेंबरला बापू गोखले यांच्या सेनापतित्वाखालीं पेशव्यांचें सैन्य गणेशखिंड व खडकी यांमधील मैदानावर इंग्रजांशीं लढलें. पुढें दीडशें वर्षांनीं ज्या रस्त्यानें विद्यार्थ्यांच्या सायकली जावयाच्या होत्या, त्याच्या आसपासचीच ही भूमि. पायडलाची गाडी १८६० नंतर फ्रान्सांत निघाली. मग पुढचें चाक पुरुषभर उंच असलेली गाडी आली. आणि १८८५ मध्यें इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें स्टार्ली यानें दोन्हीं चाकें जवळजवळ सारख्या आकाराचीं व मागच्या चाकास सांखळीनें गति देणारी ‘रोव्हर’ गाडी काढली. १८८८ मध्यें डनलॉप यानें हवेची धांव केली. आजची सायकल ती हीच.

यावरून कालनिर्णयाची एक सोपी कसोटी मिळते. एखाद्या वाड्याच्या किंवा रस्त्याच्या छायाचित्रांत सारख्या चाकांची, हवेच्या धांवेची सायकल भिंतीस टेकलेली दिसली, तर तें चित्र १८८८ च्या पूर्वींचें असूं शकत नाहीं. पाठीमागें कोणीं शाईनें १८८० लिहिलें असलें तरीहि नाहीं. विकणारा ‘पेशवाईच्या अखेरचें चित्र’ म्हणून सांगूं लागला तर हसून पुढें जावें, कारण पेशवाईच्या अखेरीस छायाचित्रकलाच नव्हती. शब्दांच्या बाबतींतहि असेंच. ‘पायगाडी’ व ‘दुचाकी’ हे शब्द या अर्थानें मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तींत शोधणें व्यर्थ होय; वस्तूच आलेली नव्हती.

गणेशखिंडीचा रस्ता मात्र सायकलीच्या आधींपासून इतिहासांत आहे. मुंबईच्या गव्हर्नराचा पावसाळ्यांतील मुक्काम पूर्वीं दापोडीस असे. सर बार्टल फ्रिअर याच्या कारकीर्दींत, १८६४ पासून, गणेशखिंडीस नवा बंगला बांधण्यास आरंभ झाला व १८७१ च्या सुमारास तो पुरा झाला. या बंगल्यांतील व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभाहून परततांना २२ जून १८९७ च्या रात्रीं रँड यावर दामोदर चापेकर यांनीं याच रस्त्यावर गोळी झाडली. आयर्स्ट जागींच मेला व रँड ३ जुलैस. विद्यापीठाचा कायदा १९४८ मध्यें झाला, १० फेब्रुवारी १९४९ रोजीं विद्यापीठ स्थापन झालें आणि डॉ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरु झाले. ज्या बंगल्याच्या फाटकाशीं एके काळीं शिपाई उभे असत त्याच्या आंत विद्यार्थी सायकली घेऊन शिरूं लागले. २०१४ मध्यें या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचें नांव देण्यांत आलें.

पेठांतून विद्यापीठास जाणाऱ्यास दोन मार्ग आहेत. पहिला नव्या पुलावरून (हा १९२३ चा, इंग्रज अमदानींत लॉईड पूल, पुढें शिवाजी पूल) शिवाजीनगर, म्हणजे जुनें भांबुर्डें, गांठून, कृषिमहाविद्यालय व ‘शिमला ऑफिस’ यांवरून सरळ वर. हवामानखात्याची कचेरी १९२८ मध्यें शिमल्याहून येथें हलली. तिचें गांव मागें राहिलें पण नांव इमारतीस चिकटलें. दुसरा मार्ग लकडी पुलावरून, भांडारकर मंदिराजवळून व चतुःशृंगीच्या बाजूनें. ज्यास सकाळीं भांडारकर मंदिरांत पोथी पाहून दुपारीं विद्यापीठांत जावयाचें आहे त्यास दुसराच सोयीचा, परंतु त्यावर टेकडीचा चढ लागतो. पहिल्या मार्गाचा चढ इतका सौम्य आहे कीं, मोटारींत बसलेल्यास तो कळतहि नाहीं. सायकलस्वारास मात्र शिमला ऑफिसपासून पुढें मांड्यांत कळतो. परत येतांना तोच चढ उतार होतो, आणि दिवसभर ग्रंथालयांत बसून आंबलेल्या माणसास संध्याकाळीं पायडल न मारतां शिवाजीनगरपर्यंत यावयास मिळतें; हें सुख ज्यानें अनुभविलें तो विसरत नाहीं.

आवार सुमारें ४११ एकरांचें आहे. हमरस्त्यापासून मनोऱ्याची मुख्य इमारत बरीच आंत. जयकर ग्रंथालय, संस्कृतचें प्रगत अध्ययनकेंद्र (१९६४), निरनिराळे विभाग, वसतिगृहें, आणि १९८८ मध्यें स्थापन झालेली खगोलविज्ञानाची ‘आयुका’ संस्था हीं एकमेकांपासून दूर विखुरलेलीं. पायीं फिरणाऱ्याचा दिवस एका विभागाहून दुसऱ्याकडे जाण्यांतच संपतो. मुख्य इमारतीभोंवतालचे जुने रस्ते बग्ग्यांच्या काळचे असल्यानें वळणें मोठीं व चढ हलके आहेत, वर वडांची दाट सावली आहे. बग्गीस जें मानवतें तेंच सायकलीस मानवतें. एक सूचना नवख्यास करावीशी वाटते. पावसाळ्यांत या झाडांखालीं पडलेला पाला कुजून रस्ता निसरडा होतो. तेथें वळतांना पुढचा ब्रेक दाबूं नये, मागचाच वापरावा. पुढचें चाक घसरलें तर तोल सांवरत नाहीं.

हें झालें माणसाचें. कागदाचें काय, हा आपल्या वाचकांचा खरा प्रश्न.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. नारायण पेठेंतील एका घराण्यानें आपल्याकडील मोडी कागदांचा लहानसा रुमाल वाचून देण्यासाठीं प्रस्तुत लेखकाच्या स्वाधीन केला. दिवस जुलईचे होते. सकाळीं ऊन पाहून मीं रुमालाभोंवतीं वर्तमानपत्र गुंडाळलें, कॅरिअरच्या चापांत तो अडकविला व निघालों. परततांना पाऊस गांठेल असें वाटलें नव्हतें. पण पुण्याचा पाऊस कोणास विचारून येतो? पूल ओलांडतांना सर आली. थांबावयास आडोसा नव्हता म्हणून वेग वाढविला, आणि नेमकें पाण्यानें भरलेल्या खड्ड्यांत मागचें चाक आदळलें. घरीं येऊन सोडून पाहिलें तों वरचे कागद कोरडे, कारण वर्तमानपत्र वरून दोन पदरी होतें. भिजले ते खालचे. मडगार्ड आखूड होता. चाकानें उडविलेलें पाणी कॅरिअरच्या सळयांमधून वर येऊन रुमालाच्या बुडाशीं झिरपलें होतें.

तीन बंदांच्या खालच्या कडा गेल्या. वाचकांपैकीं ज्यांनीं मोडी पत्रें हाताळलीं आहेत त्यांस यांतील हानि लगेच कळेल. पत्राचा मजकूर वर असतो, आणि चंद्राचा अंक व महिना, म्हणजे ‘छ’ पुढील तारीख, शेवटीं येतो. एका पत्रांत महिना राहिला, अंक धुऊन गेला. दुसऱ्यांत दोन्हीं गेले. तिसऱ्यांतील डाग कोरा राहिलेल्या जागेवर पडला, एवढेंच सुदैव. मजकूर मोठा महत्त्वाचा होता असें नाहीं. कुळकर्ण्याच्या हिशेबाचा तंटा होता. परंतु कागद दोनशें वर्षें उंदीर, वाळवी व वांटण्या यांतून वांचला आणि माझ्या कॅरिअरवर अर्ध्या तासांत मितीस मुकला, ही गोष्ट मला त्या घरच्या यजमानांस तोंडानें सांगावी लागली. ते रागावले नाहींत. रागावले असते तर बरें वाटलें असतें.

असें कां होतें तें सांगतों. आपल्याकडील जुनी शाई बहुधा काजळ व डिंक यांची असते. काजळ उन्हानें उडत नाहीं, वर्षानुवर्षें काळें कुळकुळीत राहातें. म्हणून आपण त्या शाईस टिकाऊ म्हणतों व तें बरोबर आहे. पण तिला कागदाशीं धरून ठेवणारा डिंक पाण्यांत विरघळतो. हिराकशीच्या शाईचें याच्या उलट : ती कागदाच्या तंतूंत मुरते, पाण्यास एकदम सोडीत नाहीं, परंतु काळांतरानें कागदच खाते. तेव्हां मोडी कागदाचा प्रवासांतला मुख्य शत्रु पाणी, आणि सायकलीवर तें वरून येतें त्याहून खालून अधिक येतें.

दुसरा शत्रु धक्का. कॅरिअर मागच्या चाकाच्या आंसाशीं जोडलेलें असल्यानें रस्त्याचा प्रत्येक हादरा त्यास थेट पोंचतो. बसणाऱ्याखालीं निदान सीटच्या स्प्रिंगा असतात, कागदाखालीं कांहीं नसतें. जुन्या घडीवर कागद आधींच कमजोर झालेला असतो, त्या घडीवरच तो तुटतो. तिसरा शत्रु कॅरिअरचा चाप, जो रुमालाच्या मध्यावर दाबून नवी घडी पाडतो. म्हणून मूळ कागद कॅरिअरवर कधींहि ठेवूं नये. हँडलला पिशवी टांगणें त्याहून वाईट. ती झोंके घेते व पुढच्या चाकांत अडकते. कागद दोन सपाट पुठ्ठ्यांमध्यें ठेवावे, त्यांवर रुमाल, रुमालावर मेणकापड सर्व बाजूंनीं दुमडून, आणि तें पुडकें पाठीशीं घट्ट बसणाऱ्या पिशवींत. माणसाची पाठ हीच सायकलीवरील सर्वांत मऊ स्प्रिंग आहे. पोथी असल्यास तिच्या फळ्या काढूं नयेत. आणि सर्वांत उत्तम तें कीं मूळ कागद हलवूंच नये; आतां छायाचित्र घेण्याचें साधन प्रत्येकाच्या खिशांत आहे, तेव्हां मालकाच्या घरींच छायाचित्रें घ्यावीं व सायकलीवरून रिकाम्या हातानें परत यावें. मला ही अक्कल उशीरां आली.

आतां सायकलीच्या स्वतःच्या कागदांकडे वळतों. मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांस वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार १९०१ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्यानें होता व १९२५ च्या बरो कायद्यांतहि तो राहिला. सायकलीवरील कर भरला म्हणजे धातूचा एक लहान बिल्ला मिळे. तो गाडीस लावावा लागे. रात्रीं दिवा नसल्यास पोलीस अडवी, एका सायकलीवर दोघे बसल्यास अडवी. ‘डबलसीट’ हा शब्द पुण्याच्या मराठींत त्यामुळेंच गुन्ह्याच्या अर्थानें रूढ झाला. आधीं राॅकेलचा दिवा, मग चाकाच्या घर्षणानें चालणारा डायनॅमो. ज्यांस स्वतःची गाडी घेतां येत नसे ते दुकानांतून तासावर भाड्यानें घेत, आणि दुकानदाराच्या वहींत नांव, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ व पैसे असे रकाने असत. अनेक मुलें शिकलीं तीं अशाच भाड्याच्या, सीटपर्यंत पाय न पोंचणाऱ्या सायकलीवर, दांड्याखालून पाय घालून.

या वह्या व पावत्या हीं साधनें नव्हेत काय? जकातीच्या नोंदींवरून आपण पेठांतील व्यापार काढतों, पागेच्या हिशेबांवरून घोड्यांची संख्या काढतों. भाड्याच्या सायकलींची एक वर्षाची वही हातीं आली, तर कोणत्या पेठेंतून कोण, कोणत्या वेळीं व किती वेळ बाहेर पडत असे हें समजेल. परीक्षेच्या व गणपतीच्या दिवसांत मागणी कशी बदले हें समजेल. नांवांवरून स्त्रिया केव्हांपासून सायकल नेऊं लागल्या याचाहि अंदाज करतां येईल. हा शेवटचा मुद्दा आठवणींवर सोडण्यासारखा नाहीं. आठवणी प्रत्येकीस आपलीच गाडी पहिली म्हणून सांगतात.

परंतु हीं साधनें झपाट्यानें नाहींशीं होत आहेत. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानें नदीकाठच्या घरांतील व दुकानांतील काय काय नेलें याची गणती नाहीं. नंतरची हानि पुराहून शांतपणें झाली. स्वयंचलित दुचाक्या आल्या, १९७२ मध्यें आकुर्डीच्या कारखान्याची ‘चेतक’ निघाली, भाड्याच्या सायकलींचीं दुकानें एकेक करून मिटलीं आणि वह्या रद्दींत गेल्या. विद्यापीठाच्या चौकांत २००६ च्या सुमारास बांधलेला उड्डाणपूल मेट्रोसाठीं २०२० मध्यें पाडण्यांत आला. त्या चौकांतून सायकल नेणें हें आतां धाडसाचें काम आहे. डिसेंबर २०१७ मध्यें महानगरपालिकेनें सायकलींचा आराखडा स्वीकारला, आणि त्याच महिन्यांत विद्यापीठाच्या आवारांत व औंधास भाड्याच्या नव्या सायकली ठेवण्यांत आल्या. भ्रमणध्वनीनें कुलूप उघडावयाचें, पैसेहि त्यावरच. थोड्याच वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. संशोधकाच्या दृष्टीनें या दुसऱ्या योजनेंत एक अडचण आहे : तिची कागदी वही कधीं नव्हतीच. १९४० च्या दुकानदाराची वही माळ्यावर सांपडूं शकते. २०१८ च्या हिशेबास माळा नाहीं.

कर्वेनगरांत २०१७ पासून जुन्या सायकलींचें एक खासगी संग्रहालय आहे, तें अवश्य पाहावें. तेथें गाड्या आहेत, दिवे आहेत. कागद जमविण्याचें काम मात्र आपल्यासारख्यांचें आहे. मंगळवार पेठेंतील जुन्या बाजारांत, जेथें आपल्यापैकीं पुष्कळजण रविवारीं व बुधवारीं नाणीं धुंडाळीत असतात, तेथें मोडीत निघालेल्या पितळेंत बिल्ले येतात. ते तोलून विकले जातात, म्हणजे पुढें वितळविले जाणार.

बिल्ला हातीं आल्यास पुढीलप्रमाणें नोंद करावी. धातु कोणता, आकार गोल कीं चौकोनी, रुंदी-उंची मिलिमीटरांत. वर्ष व क्रमांक असल्यास जसे कोरले असतील तसेच, अंक देवनागरी कीं इंग्रजी तें सांगून. नगरपालिकेचें नांव कसें लिहिलें आहे. भोंक एक कीं दोन, व तारेनें बांधला होता कीं खिळ्यानें ठोकला होता. कोठें व कोणाकडून मिळाला तें त्याच दिवशीं लिहावें. घासून चकचकीत करूं नये. पितळेवरील हिरवट थर कोरड्या फडक्यानें पुसला म्हणजे पुरे. त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीनें ठसा घ्यावा. दोन ठसे घेऊन एक स्वतःपाशीं ठेवावा व दुसरा मंडळाकडे पाठवावा. सोबत पावती किंवा वहीचें पान असल्यास तें टपालानें पाठवूं नये. आम्हीं येऊन पाहूं.